तीन पेपरांत एकच बाण

८ जानेवारी १९९०, सोम.

शेवटचं वर्ष, शेवटची टर्म, नवी वही. जुनी आईनं रेशन कार्ड शोधताना वाचली, म्हणून ही कपाटात राहणार नाही, बॅगेत राहणार.

आज कॅम्प चारला लाजूच्या घरी बसलो. खाली तिच्या वडिलांचं शर्टांचं दुकान, वर शिलाई मशीन, आणि मशीनच्या मधल्या जागेत आम्ही तिघी. टी. वाय. बॉटनी. लाजू काज-बटण करत ऐकते. तिचा हात थांबला की समजायचं, कळलेलं नाही. कमल पालेगावहून अंबरनाथपर्यंत चालत येते, घरच्या गुरांचं सगळं करून. आली की आधी पंधरा मिनिटं भिंतीला टेकून डोळे मिटते. आम्ही बोलत नाही.

एफ. वाय.ला कमलचे दोन विषय राहिले, म्हणजे दोन केट्या, लाजूची एक. माझी एकही नाही. वर्गात त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं आणि माझ्याशीही नव्हतं. त्यांची कारणं वेगळी, माझं वेगळं. तिथून जमलं. आज दोघींच्या केट्या सुटल्यात. मैत्रिणींपायी अभ्यासाचं वाटोळं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी येऊन बघावं.

नियम परत लिहून ठेवते, लाजू विसरते म्हणून: धडे वाटून घ्यायचे. जिचा धडा तिनं शिकवायचा, पुस्तक मिटून, आपल्या भाषेत. बाकी दोघींनी मध्ये बोलायचं नाही. शंका शेवटी. मग तिघींनी न बघता इंग्रजीत लिहायचं.

नियम मी केलेत. चांगले आहेत.

१७ जाने., बुध.

सकाळी बॉटनीचे हेड सर तासभर मातीवर बोलले. माणूस म्हणजे ओला खडू. घासतो फार, उमटत काही नाही. म्हणून दुपारी आम्हीच बसलो, पालेगावात कमलच्या खळ्यावर. मातीचा धडा माझा. 'जमिनीवर उष्णतेचा परिणाम' हा मुद्दा येईना, मग क.लाच म्हटलं, तुमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात ना, तो सांग. तिनं काठीनं खळ्यावर चित्र काढलं. खाली माती, वर शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत, वर परत बारीक माती. आणि बाजूला एक मोठा बाण. हा काय? "वारा. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवाचा. सावकाश जलतो मंग." झकास. उदाहरण म्हणून हेच लिहायचं, ठरलं.

पुढचं मी शिकवलं. राख होते, राखेतून नत्र मिळतं, रोप जोमानं येतं. क. मध्येच काहीतरी, राखेत जोर नसतो, तण मरावं म्हणून जाळतात, बाबा सांगतात वगैरे. म्हटलं नंतर. नियम म्हणजे नियम.

मग तिच्या आईनं चुलीतली रताळी दिली. लाजूनं पाच खाल्ली.

५ फेब्रुवारी, सोम.

प्रिलिमचा पेपर दोन. आला!! प्रश्न चौथा, उष्णता आणि जमीन, उदाहरणासह. मी पहिल्या बाकावरून मागं वळून बघणार होते, मोठ्या कष्टानं मान आवरली. बाहेर आल्यावर तिघींनी एकदम तोंड उघडलं आणि तिघींना एकच शब्द फुटला. राब. लाजूनं मला रस्त्यात उचललं. चप्पल तुटली.

१९ फेब्रु., सोम.

दोनदा पेन आपटलं. रागानं. भीतीनं नाही, हे लिहून ठेवते.

हेड सरांनी तिघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तीन पेपर शेजारी शेजारी, तिन्ही एकाच पानावर उघडलेले. तेच चित्र. तेच थर. तोच बाण.
"हा बाण कुठल्या पुस्तकात आहे?"
कमल म्हणाली, "पुस्तकात नाय सर, आमच्या शेतात."
"आणि हे?" त्यांनी लाल पेन्सिलीनं तिन्ही पेपरांत एकच वाक्य ठोकलं. राखेत भरपूर नत्र असतं. "तिघींनी एकाच शब्दांत लिहिलंय. आणि चूक आहे. बरोबर उत्तर तिघांचं सारखं असू शकतं. चूक तिघांची सारखी कशी येते?"

मला काही सुचेना. मला! लाजू पेपरात दोनदा पाणी प्यायला उठली होती ते निघालं. कमल माझ्या चार बाकं मागं होती ते निघालं. चिठ्ठी कोणी कोणाला दिली, बोला. आम्ही सांगितलं, आम्ही एकत्र अभ्यास करतो. सर हसले. "एकत्र अभ्यास म्हणजे एकत्र नक्कल. चोवीस वर्षं बघतोय."

तिघींची जर्नलं त्यांच्या कपाटात आहेत. सर्टिफिकेटवर सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही. प्रॅक्टिकल नाही म्हणजे वर्ष नाही.

जिन्यात कमल म्हणाली, "जल्ला तो बाण." एवढंच.

२० फेब्रु.

आज मला एकटीलाच बोलावलं. खुर्ची दिली. काल तिघींना उभं ठेवलं होतं.

"तू हुशार आहेस. पहिल्या वर्गाची आहेस. त्या दोघींनी तुझ्या पेपरातलं घेतलं असं लिहून दे. तुझं जर्नल आजच सही करतो. त्यांचं कमिटी बघेल."
म्हटलं, त्यांनी घेतलेलं नाही.
"तुमच्यासारख्या मुलींनी मिळालेली संधी अशी मैत्रीपायी घालवू नये."

तुमच्यासारख्या. खुर्चीसकट मागं सरकले. म्हटलं, "सर, माझ्यासारख्या म्हणजे कशा? पहिल्या वर्गातल्या का?" ते फाईल बघायला लागले. मी कोरा कागद टेबलावर तसाच ठेवून आले.

खाली लॅबमधले दत्तूमामा भेटले. बरण्या पुसत होते. म्हणाले, "काय लिवून दिलंस?" म्हटलं, काही नाही. "बरं केलंस," म्हणाले आणि पुढची बरणी घेतली.

२१ फेब्रु.

घरी आई-दादांना सांगावंच लागलं. दादा पहिल्या पाळीहून आले होते, अजून बूटसुद्धा काढले नव्हते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उज्ज्वले, लिहून दे."
"खोटं आहे ते, दादा."
"असेल. आपल्याकडे चुकायला जागा नसते. त्या सिंध्याच्या पोरीला दुकान आहे. त्या आगऱ्याच्या पोरीला जमीन आहे. तुला काय आहे? तुझं आधी बघ. शिकायला पाठवलंय, पुढारी व्हायला नाही."

मग मी जे बोलले ते बोलायला नको होतं की हवं होतं, अजून ठरत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे हात केला. म्हटलं, "त्याच्याखाली पहिला शब्द 'शिका' आहे, मान्य. पुढं 'संघटित व्हा' लिहिलंय. तुम्ही दरवर्षी हार घालता आणि पहिलाच शब्द वाचून थांबता."

आईनं पातेलं आपटलं. दादांनी बूट काढून नीट जागेवर ठेवले. न जेवता झोपले. वाईट वाटलं. तरी लिहून देणार नाही.

२३ फेब्रु. शिवरात्र

कॉलेज बंद. देवळाच्या जत्रेत तिघींनी भेटायचं ठरलं होतं. दर वर्षी भेटतो. लाजू आली. कमल नाही. बांगड्यांच्या दुकानापाशी तासभर थांबलो.

लाजूच्या भावानं ऐकलंय सगळं. म्हणतो, माफीनामा लिहून दे, शिक्षण पुष्कळ झालं, काउंटरवर बस.
"तू काय म्हणालीस?"
"सोचा मैंने." मग मराठीत, खाली बघून, "लिहिते म्हणाले. बघ ना, मी म्हणते मी एकटीनं चिठ्ठी केली. मग कमलचं वाचेल. तुझं तर वाचलंच आहे. माझं काय, मी तशीही पास क्लासची."

ओरडले तिच्यावर. भर जत्रेत. लोक बघायला लागले. म्हटलं, तुझ्या एकट्या पास क्लाससाठी मी तीन वर्षं कॅम्प चारचे जिने चढलेय, तुला तो असा फेकून देता येणार नाही. लाजू रडली. मग मला म्हणाली, "चरी! वेडी आहेस तू. पक्की चरी." मग उसाचा रस पाजला.

कमल का आली नाही?

२६ फेब्रु., सोम.

कमल चार दिवस कॉलेजला नाही.

दुपारी दत्तूमामांनी बोलावलं, सरांनी तुझं जर्नल काढून ठेवलंय, घेऊन जा. गेले. खरंच सही होती. शिक्का होता. मी काही लिहून न देता! सर म्हणाले, "तुझ्या भविष्याचा विचार केला मी." कपाटात खाली दोन जर्नलं, एकावर कमलचं नाव, एकावर लाजूचं. ब्राऊन पेपरची कव्हरं आम्ही तिघींनी एकाच दिवशी घातली होती.

मी माझं उचललं, आणि परत त्या दोन्हींवर ठेवलं.
"हे काय?"
"तिन्ही एकदम नेईन, सर."
"नाटक करू नकोस. प्रॅक्टिकलच्या दिवशी हातात जर्नल नसेल तर मीही काही करू शकणार नाही."
"राहू दे तिथं."

बाहेर आल्यावर जिन्यात बसावं लागलं, खोटं कशाला लिहू. पण ठेवलं ते ठेवलं.

१ मार्च, गुरु.

लायब्ररीत मातीवरची सगळी पुस्तकं काढली. सरांना तोंडावर दाखवायचं होतं की नत्र बरोबर आहे.

नाही. चूक आहे. जाळल्यावर पालापाचोळ्यातलं नत्र बहुतेक हवेत जातं. राखेत उरतं पोटॅश, चुना, थोडं स्फुरद. चार पुस्तकांत चारही वेळा तेच.

म्हणजे चूक माझी. तिघींच्या पेपरात गेली ती माझ्या तोंडातून. मी शिकवलं, त्यांनी ऐकलं, जशीच्या तशी लिहिली. मी सांगितलेलं त्या पुस्तकात पडताळूनही बघत नाहीत, एवढा विश्वास. आणि सर समजतात दगड त्या आणि हिरा मी!

मग घरी येऊन ही वही चाळली, १७ जाने. काढली. तिथं माझ्याच अक्षरात आहे. 'क. मध्येच काहीतरी, राखेत जोर नसतो, तण मरावं म्हणून जाळतात, बाबा सांगतात वगैरे. म्हटलं नंतर.'

ती बोलली होती. बरोबर बोलली होती. मी तिला गप्प केलं, आणि 'वगैरे' लिहिलं. ते नंतर कधी आलंच नाही. मी रताळं खात होते.

आईनं विचारलं, डोकं दुखतंय का. हो म्हटलं.

४ मार्च, रवि.

पालेगाव. एकटी गेले. क.च्या आईनं बोट केलं, शेतावर.

भोईरकाका, क.चे बाबा, आणि क. राब रचत होते. टहाळाचे भारे, शेणी, गवत. क.नं मला बघितलं आणि काम चालूच ठेवलं. मीही भारे द्यायला लागले. मग काकांनी हातात माती घेऊन वारा बघितला, पलीकडच्या अंगाला गेले आणि काडी लावली. खरंच उलट्या बाजूनं. आग वाऱ्याशी भांडत भांडत सावकाश पुढं येते. आमच्या चित्रातला बाण.

म्हटलं, "काका, ही राख खत म्हणून का?"
"राख कसला खत! तण मराचा म्हनून राब जालाचा. त्याचा बी जलला पायजे. जोर येतो शेनखताचा, ते मंग वेगला घालाचा लागतो."

क. माझ्याकडे बघत होती. म्हटलं, "तू सांगितलं होतंस. मी चुकले. तुम्हा दोघींचे पेपर माझ्यामुळं गेले."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे. नाही म्हणाली. टहाळ खाली टाकला.
"तीन वर्सं तू मना 'नंतर' बोलतेस. तुजा नंतर कदी येतो गं? सरांनी बोलावलं तवा मी तुज्याकडं बगत होते. बोलशील, ही चूक माजी, कमल नको म्हनत होती. तू नुसती उबी."
"मला आठवलंच नाही."
"त्येच तर."

खरं लिहिते, माझं काय झालं ते. कोणी मला एवढं नागडं केलं नव्हतं. खरं होतं सगळं. तोंड फिरवून धूर लागल्यासारखे डोळे पुसले. तिनंही पुसले. धूर होताच.

मग कळलं ती येत का नव्हती. वांगणीचं स्थळ. काका म्हणतात, परीक्षेला बसू देणार नसतील तर घरी बसून काय करायचं. काकांनी तिला शिकवायला भावकीत भांडण घेतलंय, आता तोंड दाखवायला जागा नाही. तिनंही मान हलवलीय जवळपास. "मी गेले बाजूला म्हंजे तुमच्या दोगींचा सुटंल."

हीपण! एक जत्रेत शहीद व्हायला निघाली, एक शेतात. म्हटलं, कोणी बाजूला व्हायचं नाही. ज्या मुलीनं केट्या सोडवल्या ती राबाच्या बाणापायी घरी बसणार? बस खाली. मला मातीचा धडा पहिल्यापासून शिकव.

बांधावर बसून शिकवला तिनं. कुठल्या उतारावर राब करायचा, कुठला पाला चालत नाही, राख जास्त झाली तर रोप पिवळं का पडतं. मी एकदा मध्ये 'म्हणजे पीएच वाढतो' म्हणायला गेले.
"मदी बोलाचा नाय. शंका शेवटी. नियम तुजाच."
काका हसले. म्हटलं, हा नियमच खोडून टाकते.
"नको. चांगला हाय. फकस्त शेवट आला की खरंच विचाराचा."

५ मार्च, सोम.

कमल कॉलेजला आली. लाजूनं तिला मिठी मारताना तिच्या वेणीत सुई अडकवली.

तिघी मिळून ठरवलं. मी सरांकडे जाते आणि सांगते, चूक माझी. लाजू म्हणाली, सर मानणार नाहीत, म्हणतील वाचवायला आलीस. पुरावा काय?

पुरावा आहे. १७ जाने.चं पान. तारखेसकट, प्रिलिमच्या एकोणीस दिवस आधीचं. त्यात खळं आहे, काठीचं चित्र आहे, बाण आहे, माझं नत्र आहे, क.चं 'राखेत जोर नसतो' आहे.

आणि त्याच पानावर वर, पहिल्याच ओळीत, ओला खडू आहे.

लाजूला दाखवलं. ती हसत खाली बसली, मग परत वाचलं. "फाड ना ते वरचं."
फाडलं तर उरलेलं कोण मानेल?
"ब्लेडनं खोड."
खोडलं तर म्हणतील बाकीचंही खोटं.
"चरी," म्हणाली. या वेळी हळू.

दोन दिवस देते स्वतःला. दोनच.

७ मार्च, बुध.

(हे फुलस्केपवर लिहितेय. वही परत आली तर चिकटवीन. आली नाही तर आईच्या पिठाच्या डब्याखाली.)

गेले. दार लावून घेतलं, उभ्यानंच बोलले. "सर, तुम्ही विचारलं होतं चूक तिघींची सारखी कशी येते. मी चुकीचं शिकवलं म्हणून. कमलला बरोबर येत होतं. मी तिला बोलू दिलं नाही. याला नक्कल म्हणत असाल तर आधी माझं जर्नल फाडा, सही त्याच्यावर आहे."

सर म्हणाले, "मैत्रिणींसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो."
वही पुढं केली. १७ तारखेचं पान. "वाचा."
"हे तू काल रात्री लिहिलं नसशील कशावरून?"

इथं माझ्यात एवढं बळ कुठून आलं कळत नाही. म्हटलं, "सर, तुम्हाला दाखवायला लिहिलं असतं, तर पहिली ओळ तशी लिहिली असती का?"

वाचली त्यांनी. पहिली ओळ. चष्मा काढला. पुसला. परत वाचली. मग पुढं वाचत राहिले, पान संपेपर्यंत. मागचं पान उलटलं. पुढचं उलटलं. म्हणाले, "वही राहू दे इथं."

आले तशीच बाहेर. बॅग हलकी लागतेय. त्या वहीत काय काय आहे ते आता एकेक आठवतंय. दादांचं भांडण आहे. 'तुमच्यासारख्या' आहे. वाचा म्हणावं. सगळंच वाचा.

१२ मार्च (फुलस्केप)

काही नाही. हेड सर तास घेतात, आमच्याकडे बघत नाहीत. वर्गात बातमी फुटलीय. मागच्या बाकावरचे कुजबुजतात, टॉपर कामातून गेली. जाऊ दे.

तरी रोज बसतो. लाजूकडे. तिच्या भावानं वर येऊन विचारलं, परीक्षा नाही तर अभ्यास कसला? लाजूनं मान वर न करता सांगितलं, "मज़ा आ रहा है." गेला खाली. गंमत म्हणजे खरंच येतेय. असा अभ्यास पूर्वी कधी झाला नव्हता. कमल शेवटी शंका विचारायला लावते आणि मी विचारली नाही तर सोडत नाही. दोन ठिकाणी मला नीट येत नव्हतं, ते तीन वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. आकाश कोसळलं नाही.

दादा अजून तुटक बोलतात. आज मात्र ताटावर बसल्यावर म्हणाले, "जर्नल आणलंस?"
"नाही."
दोन घास गेले.
"त्या पालेगावच्या पोरीचं काय झालं?"
"येते रोज. चालत."
"उद्यापासून तिला डबा दे आपल्यातला," आईला म्हणाले. आई दुसरा डबा शोधायला उठली.

१९ मार्च, सोम.

वही आली! दत्तूमामांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. "सायेबांनी दिलीय. मी उघडली नाय," म्हणाले, म्हणजे उघडली.

१७ जाने.चं पान. 'राखेतून नत्र मिळतं' याखाली लाल रेघ, समासात लाल अक्षरात: 'चूक. पोटॅश, चुना, स्फुरद.' कमलच्या वाक्याला बरोबरची खूण. माझ्या 'वगैरे'भोवती गोल.

'ओला खडू'खाली नुसती रेघ. बरोबर नाही, चूकही नाही. तेवढीच.

२० फेब्रु.चं पान उघडून बघितलं. 'तुमच्यासारख्या'पाशी काही खूण नाही. कोपरा मात्र दुमडून परत सरळ केलेला आहे. मी दुमडत नाही.

जर्नलांबद्दल एक शब्द नाही. माफी वगैरे मला नकोच होती. सही हवी आहे. दोन सह्या.

संध्याकाळी फळ्यावर नोटीस: तिघींची नावं. प्रॅक्टिकलच्या आधी शनिवारी तोंडी परीक्षा, एकेकीची वेगळी, बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर, प्रश्न चौथ्यावर. जर्नलांचा निर्णय त्यानंतर. तिन्ही जर्नलांचा, असं लिहिलंय. म्हणजे माझंसुद्धा परत पणाला. बरं झालं. आता तिघी सारख्या.

लाजू म्हणाली, इंग्रजीत विचारलं तर कमल घाबरेल. कमल म्हणाली, "नाय घाबरत. मी मराठीत सांगेन. माती काय इंग्रजीत हाय?"

२४ मार्च, शनि. दुपारी १२.२०, लॅबच्या बाहेर, बाकावर

पहिली मी. परीक्षक म्हातारे, पांढरा शर्ट, समोर आमचे तीन पेपर. हेड सर खिडकीपाशी. कोपऱ्यातल्या टेबलावर तीन जर्नलं, एकावर एक, वर माझं. मी ठेवलं होतं तसंच. क्रम कोणी बदललेला नाही.

विचारलं, राखेत काय असतं? सांगितलं. मग पेपरात चूक का? सांगितलं, मला येत नव्हतं आणि येतं असं वाटत होतं. मग आता कोणी शिकवलं? "कमल भोईर. बाहेर बसलीय." त्यांनी हेड सरांकडे बघितलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

दुसरी लाजू. सात मिनिटांत आली, बोटातली अंगठी फिरवत. काय विचारलं? "बाण. बोलले, काढून दाखव. काढला. आणखी विचारलं, तू मैत्रिणीवर एवढी अवलंबून का? मी बोलले, सर, तुम्ही शर्ट घातलाय, कापड एकानं केलं, काज दुसऱ्यानं, बटण मी. शर्ट कोणाचा?" मी कपाळाला हात लावला. हिला कोणी सांगितलं होतं एवढं बोलायला! ते हसले का? "पता नहीं. लिहिलं काहीतरी."

आता कमल आत आहे. पंचवीस मिनिटं झाली. आम्हाला दहाही लागली नव्हती. काका फाटकाबाहेर उभे आहेत, धुतलेला सदरा घालून. वांगणीचे लोक उद्या येणार आहेत, काकांनी त्यांना अजून हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दादासुद्धा आलेत. पाळी बदलून. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, तरी एकाच झाडाखाली उभे आहेत.

दार थोडं उघडं आहे. परीक्षकांचा आवाज येतो, इंग्रजीत काहीतरी लांबलचक, अडवणारं. हेड सरही मध्ये बोलले. मग दोघं एकदम बोलायला लागले. लाजूनं माझा दंड धरला. मला उठून आत जावंसं वाटलं, तिच्या वतीनं सांगावंसं वाटलं. बसून राहिले. पहिल्यांदाच.

आणि आतून कमल, आवाज जराही न चढवता:
"थांबा सर. शंका शेवटी."

लाजूनं तोंडावर ओढणी दाबली. दत्तूमामा बाटली पुसता पुसता थांबले.

कोणी तिला गप्प केलं नाही. वाऱ्याबद्दल सांगतेय, कुठून पेटवायचं ते. सह्या होतात की नाही, कळेल. आत अजून तीच बोलतेय.